चूल वर, पंगत खाली : खोल समुद्राच्या अन्नजाळ्याबद्दलच्या एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

एक मजकूर मोबाइलवरून सारखा फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: “खोल समुद्रात सूर्यप्रकाश पोहोचत नाही, म्हणून तिथे अन्न नाही. जितके खोल जावे तितके जीवन घटत जाऊन शेवटी शून्य होते. जे थोडे राक्षसी मासे आहेत ते एकमेकांना खाऊन जगतात. फक्त उकळत्या झऱ्यांभोवती जीवांची गर्दी आहे आणि त्यांना सूर्याची गरजच नाही. म्हणजे खोल समुद्र हे वेगळेच जग आहे, वरच्या समुद्राशी त्याचा संबंध नाही. तळावरचे धातूचे गोळे उचलले तर कोणाचेच काही बिघडत नाही.”

सहा विधाने आहेत आणि सहावे गळी उतरावे म्हणून आधीची पाच रचलेली आहेत. प्रत्येकात खऱ्याचा एक तुकडा आहे. म्हणूनच हा मजकूर शिकल्यासवरल्या माणसांनाही पटतो आणि ती पुढे ढकलतात. एकेक विधान घेऊ.

“सूर्यप्रकाश नाही, म्हणून अन्न नाही”

पहिला अर्धा भाग बरोबर आहे. प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका उजेड अगदी नितळ समुद्रातही साधारण २०० मीटरपर्यंतच असतो. २०० ते १००० मीटर संधिप्रकाश, त्याखाली काळोख. पण अन्न जिथे शिजते तिथेच खाल्ले पाहिजे असा नियम नाही. चूल वर आहे, पंगत खाली बसते आणि वाढप रात्रंदिवस चालू असते.

पानात काय पडते ते पाहा. मेलेले डायटम आणि इतर वनस्पतिप्लवकांच्या पेशी, कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्यांनी टाकलेल्या काती, त्यांच्या आणि क्रिल या कोळंबीसारख्या जिवांच्या लेंड्या, जेलीसारख्या प्राण्यांचा चिकट स्राव, त्यात अडकलेले जिवाणू. हे सगळे एकमेकांना चिकटून अर्ध्या मिलिमीटरहून मोठे पुंजके तयार होतात. पाणबुडीच्या दिव्यात ते भुरभुरत्या बर्फासारखे दिसतात, म्हणून या वर्षावाला ‘मरीन स्नो’ म्हणतात.

पुंजका होणे महत्त्वाचे, कारण सगळा खेळ वेगाचा आहे. सुटी पेशी दिवसाला जेमतेम मीटरभर उतरते. या गतीने ४००० मीटर जायला तिला दहा-अकरा वर्षे लागतील. वाटेतच ती कुजून जाणार. पुंजका मात्र दिवसाला काही दहा ते काहीशे मीटर उतरतो. रोज १०० मीटर धरले तर ४० दिवसांत तळ. सॅल्प नावाच्या पारदर्शक, पिंपासारख्या प्राण्याच्या लेंडीचा वेग दिवसाला १००० मीटरपर्यंत जातो. पुंजक्यात चुनखडीची सूक्ष्म कवचे किंवा वाळवंटातून उडत आलेली धूळ गुंतली की वजन वाढते आणि प्रवास आणखी लवकर संपतो.

वाटेत लूट होतेच. ती किती होते याचे एक सूत्र जॉन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ईशान्य पॅसिफिकमधल्या मोजमापांवरून बसवले: खोली १०० मीटरच्या जितक्या पट, त्या संख्येचा उणे ०.८५८ हा घात. कॅल्क्युलेटरवर करून पाहता येईल. १०० मीटरच्या पातळीवरून १०० ग्रॅम कार्बन खाली निघाला तर ५०० मीटरला त्यातला २५ ग्रॅम पोहोचतो, १००० मीटरला १४, ४००० मीटरला ४ आणि ५००० मीटरला साडेतीन. घात सगळ्या समुद्रांत सारखा नसतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान ऑक्सिजन जवळजवळ संपलेला पट्टा आहे. तिथे वाटमारी करणारे कमी, म्हणून घटही सावकाश होते. पण सूत्र कोणतेही लावा, उत्तर शून्य येत नाही. ‘फार थोडे’ आणि ‘मुळीच नाही’ यांतला फरक या मजकुराने पुसून टाकला आहे आणि खोल समुद्राचे सारे जीवशास्त्र नेमके त्या फरकावर उभे आहे.

हे मोजतात कसे, तेही सांगायला हवे, कारण ‘तिथे कोण बघायला गेले होते’ हा प्रश्न लगेच येतो. समुद्रतळाला नांगरलेल्या दोरावर शंकूच्या आकाराचा सापळा टांगतात, तोंड वर. शंकूच्या खाली फिरती चकती, तिला बाटल्या. ठरावीक दिवसांनी चकती एक घर पुढे सरकते, म्हणजे प्रत्येक बाटलीत त्या-त्या पंधरवड्याचा किंवा महिन्याचा माल. बाटलीत आधीच फॉर्मालिन किंवा मर्क्युरिक क्लोराइड घातलेले दाट खारे पाणी असते. नाहीतर जमलेले सगळे जिवाणूच फस्त करतील. हेच औषध एक घोटाळाही करते. जिवंत कोपेपॉड आणि अँफिपॉड (हेही कोळंबीचेच दूरचे भाईबंद) आत डोकावतात आणि तिथेच मरतात. ते काही वरून पडलेले अन्न नव्हे. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक करून वेचले नाही तर आकडा फुगतो. उलट, जोराच्या प्रवाहात दोर कलला की कण तोंडावरून वाहून जातात आणि आकडा पडतो. त्यामुळे वरच्या थरातल्या सापळ्यांचे आकडे जपून वाचावेत. खोल, संथ पाण्यातले जास्त भरवशाचे.

गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर १९८६ पासून अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत असे सापळे लावले. आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोल पाण्यातही हा वर्षाव वर्षभर एकसारखा नव्हता. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तो चढत होता आणि ईशान्य मोसमीत पुन्हा एकदा. जूनपासून वारा समुद्र ढवळतो, खालचे पोषक क्षार वर येतात, प्लवक फोफावतात आणि मग वरची सुगी खाली उतरते. तीन किलोमीटर खाली, ठार अंधारातही, पावसाळा कळतो.

“जितके खोल तितके शून्य”

या विधानाचा निकाल एकोणिसाव्या शतकातच लागला आहे. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४१ साली एजियन समुद्रात तळ खरवडून नमुने काढले, त्यात खोलीनुसार प्राणी घटत गेलेले पाहिले आणि ती रेघ तशीच पुढे ओढून ३०० फॅदम, म्हणजे सुमारे ५५० मीटरखाली जीवन नसावे असा अंदाज केला. एजियन समुद्र मुळातच पोषक क्षारांनी दरिद्री. तिथल्या घसरणीवरून जगभरच्या महासागरांचा हिशेब मांडणे हे एका दुष्काळी तालुक्यावरून देशाचे पीकपाणी ठरवण्यासारखे झाले. १८६० मध्ये सार्डिनिया आणि आफ्रिका यांच्यामधली तुटलेली तारायंत्राची केबल दुरुस्तीसाठी वर काढली, तेव्हा सुमारे २००० मीटर खोल पडलेल्या भागावर प्रवाळ वाढलेले निघाले. मग १८७२ ते १८७६ च्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या संशोधन सफरीने उरलीसुरली शंकाही मिटवली.

किती जीव असतात? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर १५०० ते २५०० मीटर खोलीवरून ३० सेंटिमीटर लांब-रुंद असे गाळाचे २३३ ठोकळे काढून ग्रासल आणि मॅसिओलेक यांनी ते चाळले. एकूण क्षेत्रफळ २१ चौरस मीटर, म्हणजे एक बऱ्यापैकी मोठी खोली. त्यात ७९८ जाती सापडल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक विज्ञानाला नव्या होत्या. वजनाने म्हणाल तर सगळे मिळून किरकोळ. अंगाने बारीक, संख्येने विरळ. विविधता आणि भरघोसपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे लक्षात घेतले की कोडे उरत नाही.

सपाट तळावर ‘खोल तितके कमी’ हे साधारण जुळते. पण ६००० मीटरच्या खाली, सागरी गर्तांमध्ये, ते उलटेही होते. गर्तेचा आकार नरसाळ्यासारखा. उतारांवरचा गाळ घसरत, भूकंपाच्या हादऱ्यांनी कोसळत मध्याला जमतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत चॅलेंजर डीप या समुद्रातल्या सर्वांत खोल जागेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल, गाळातल्या जिवाणूंची ऑक्सिजन वापरण्याची गती शेजारच्या ६००० मीटर खोल सपाटीपेक्षा जास्त निघाली. तिथल्या हिरोंडेलिया गिगास या अँफिपॉडच्या पोटात लाकडातले सेल्युलोज पचवणारी विकरे आहेत. वाहून आलेले, बुडालेले ओंडकेही वाया जात नाहीत. मासे मात्र त्या खोलीवर नाहीत. सर्वांत खोल चित्रित झालेला मासा म्हणजे २०२२ मध्ये इझू-ओगासावारा गर्तेत ८३३६ मीटरवर दिसलेला स्नेलफिश. पण त्याखाली मासे नसण्याचे कारण भूक असल्याचे दिसत नाही. दाबाखाली प्रथिने वाकू नयेत म्हणून मासे शरीरात एक संयुग साठवतात. खोलीबरोबर ते वाढवावे लागते आणि सव्वाआठ किलोमीटरच्या आसपास रक्ताची क्षारता समुद्राच्या पाण्याइतकी होऊन बसते. त्यापुढे वाढवायचे तर पाणी अंगात शिरू लागेल.

“राक्षसी मासे एकमेकांना खाऊन जगतात”

हिशेबालाच बसत नाही. अन्नसाखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा पोहोचतो. बाकीचा श्वसनात आणि विष्ठेत जातो. शंभर किलो मासे फक्त एकमेकांना खात राहिले तर एका फेरीनंतर दहा किलो, दोन फेऱ्यांनंतर एक. बाहेरून आवक नसेल तर असे गाव बघता बघता ओस पडेल. दात विचकणारा अँगलरफिश छायाचित्रात उठून दिसतो, इतकेच. (तो बहुधा मुठीएवढा असतो, हे छायाचित्रात कळत नाही.) अशा शिकाऱ्यांची संख्या मोजकी आणि त्यांना पोसणारा डोलारा भलत्यांचाच आहे.

तळावर तो डोलारा चिखल खाणाऱ्यांचा. ४०००–५००० मीटरवर कॅमेरा उतरवला की पहिल्यांदा नजरेत भरते ती समुद्रकाकडी. तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या शुंडकांनी ती गाळाचा अगदी वरचा, काही मिलिमीटरांचा थर उचलून तोंडात घालते आणि मागे विष्ठेची दोरी सोडत पुढे सरकते. त्या थरात पोषण नगण्य, म्हणून खाणे जवळजवळ अखंड. नुकताच उतरलेला, अजून हिरवट असलेला पुंजक्यांचा थर सापडला तर ती तिथे रेंगाळते. गाळाच्या आत फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव, सूत्रकृमी आणि जिवाणू यांचे वेगळेच चक्र चालू असते आणि येणाऱ्या कार्बनचा मोठा वाटा त्यांच्याकडेच जातो.

मधल्या पाण्यात तो डोलारा बऱ्याच अंशी जेलीसारख्या प्राण्यांचा आहे आणि हे कळायला फार उशीर लागला. चूक जाळ्याची होती. खोल पाण्यातून जाळे ओढून आणले की सायफोनोफोर आणि कोंबजेली या जेलीसारख्या प्राण्यांचा लगदा होतो. मोजायला काही उरतच नाही. वर येताना माशाची हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून उलटे बाहेर येते आणि आतले सगळे सांडते. कधी उलट: जाळ्यात कोंबलेला मासा शेजारच्यालाच गिळतो आणि पोट फाडणाऱ्याला वाटते, हाच याचा रोजचा आहार. जेली जठरात लवकर विरघळते. काटे, कवचे आणि माकुळाची चोच तेवढी टिकून राहते. अशा पोटांवरून काढलेली अन्नजाळी काटे आणि चोची असणाऱ्यांचीच निघणार, यात नवल ते काय?

कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात १९९१ ते २०१६ या काळात दूरनियंत्रित पाणबुड्यांनी टिपलेल्या चित्रफिती तपासून खाण्याचे ७४३ प्रसंग वेगळे काढले गेले. त्यांतून कोण कोणाला खातो अशी २४२ वेगवेगळी नाती निघाली. जेलीवर्गीय प्राणी त्यात शिकारी म्हणूनही ठळक आहेत आणि भक्ष्य म्हणूनही.

त्यांच्यातला एक जवळून पाहण्याजोगा. बॅथोकॉर्डियस हा महाकाय लार्व्हेशियन. ‘महाकाय’ म्हणजे अंग काही सेंटिमीटरांचे. पण तो स्वतःभोवती श्लेष्म्याचे जे घर विणतो ते मीटरभर रुंद होऊ शकते. बाहेरची जाळी ढोबळ कण अडवते, आतली बारीक जाळी खाण्याजोगे गाळून तोंडाशी आणते आणि प्राणी शेपटी हलवून त्यातून पाणी खेचत राहतो. वेग तासाला ७६ लिटरपर्यंत मोजला गेला आहे. जाळी तुंबली की घर सोडून द्यायचे, नवे विणायचे. सोडलेले घर मिटून आकसते आणि दिवसाला सुमारे ८०० मीटर वेगाने बुडते, अडकलेल्या कणांसकट. सापळ्यांच्या हिशेबात हा माल नीट धरला जात नव्हता. तळावरचे प्राणी जितके खातात तितके वरून येताना दिसत नाही, हे जुने कोडे होते. त्याचा एक तुकडा २००५ मध्ये असा सुटला.

पोटे फाडण्याऐवजी स्नायूंतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) प्राण्याची अन्नसाखळीतली पायरी ठरवता येते: एक पायरी चढली की नायट्रोजन-१५ चे प्रमाण साधारण ३.४ प्रतिहजार वाढते. इथेही खोल पाण्यात एक खड्डा आहे. खाली उतरता उतरता जिवाणू कणांवर काम करतात आणि मुळातल्या अन्नाचेच प्रमाण वाढवून ठेवतात. मग निव्वळ कण खाणारा प्राणी कागदावर मांसाहारी दिसतो. त्यावर उपाय म्हणजे अमिनो आम्ले वेगवेगळी करून तपासणे. फेनिलअ‍ॅलॅनिनमधला नायट्रोजन मूळ अन्नाचा पत्ता देतो, ग्लुटामिक आम्लातला पायरीचा.

याच विधानाला जोडून ‘उपासमारीमुळे तिथले मासे अर्धमेले असतात’ असेही लिहिलेले आढळते. खोल पाण्यातल्या मासे, माकुळे आणि कोळंब्यांचा चयापचय मंद असतो हे खरे. पण तीच घट जेलीफिशमध्ये दिसत नाही, आणि भूक तर दोघांनाही सारखीच. जेम्स चिल्ड्रेस यांच्या मांडणीनुसार फरक डोळ्यांचा आहे: उजेडात शिकार लांबून दिसते, मग जोरात पळणे आणि पाठलाग करणे भाग पडते; अंधारात ती शर्यतच नाही, म्हणून जाड स्नायू पोसायची गरज नाही. आमच्या मते हे स्पष्टीकरण भुकेच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सरस आहे. कमी खाऊन तगण्याची ताकद मात्र काहींत अचाट असते. जपानमधल्या टोबा मत्स्यालयातल्या एका महाकाय आयसोपॉडने (खोल तळावरचा कवचधारी प्राणी) २००९ च्या जानेवारीत एक मासा खाल्ला आणि २०१४ च्या फेब्रुवारीत मरेपर्यंत पुन्हा तोंडात काही घेतले नाही.

आणि थांबून राहणारे तर पुष्कळ. ट्रायपॉड फिश तीन लांब काड्यांसारख्या परांवर तळाशी उभा राहतो, प्रवाहाकडे तोंड करून, छातीचे पर पुढे पसरून; कोपेपॉडासारखे काही अंगावर आले की टिपतो. हा आपल्या बोंबलाचा लांबचा नातलग, दोघेही ऑलोपिफॉर्मिस या एकाच गणातले. बोंबलाचा मऊ, पाणीदार देह ज्यांनी हातात धरला आहे त्यांना हे नाते फारसे नवलाचे वाटणार नाही.

“उकळत्या झऱ्यांना सूर्याची गरजच नाही”

हे विधान शाळेच्या पुस्तकांतूनही येते, म्हणून त्याला दोष देताना थोडे हळू. १९७७ मध्ये ‘अ‍ॅल्विन’ पाणबुडी गालापागोसजवळ २५०० मीटरवर उतरली तेव्हा सफरीत सारे भूशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ एकही नाही. सापडलेले प्राणी टिकवायला त्यांनी व्होडका वापरली. पुढे कळले की तिथल्या रिफ्टिया या दोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या नळीकृमीला तोंडही नाही आणि आतडेही नाही. त्याच्या देहातल्या एका खास अवयवात जिवाणू कोंबलेले असतात. लालभडक पिसाऱ्यातले हिमोग्लोबिन हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधून आत नेते. जिवाणू सल्फाइड जाळून मिळालेल्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतात.

आता त्या वाक्यातला ‘ऑक्सिजन’ पुन्हा वाचा. तो झऱ्यातून येत नाही. झऱ्याच्या पाण्यात तो नसतोच. तो आजूबाजूच्या थंड पाण्यातून येतो आणि त्या पाण्यात तो ध्रुवांकडच्या पृष्ठभागावर मिसळून खाली गेलेला असतो. तिथे तो कोणी सोडला? प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या वनस्पतींनी आणि प्लवकांनी. म्हणजे रिफ्टियाच्या चुलीत सरपण पृथ्वीच्या पोटातले, पण हवा सूर्याची. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीव ऑक्सिजनशिवाय चालवतात, त्यांना ‘सूर्यमुक्त’ म्हणायला हरकत नाही. पण डोळ्यांना दिसणारी जी गर्दी छायाचित्रांत असते, ती बहुतेक सगळी ऑक्सिजनवर चालते. अटलांटिकमधल्या झऱ्यांवर लाखोंनी लोंबणाऱ्या रिमिकॅरिस कोळंब्यांची पिल्ले तर झऱ्यापासून दूर, वरून आलेल्या अन्नावर वाढतात. त्यांच्या अंगातली चरबी तशी साक्ष देते.

हिंदी महासागरातही असे झरे आहेत. मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेवरचे कैरेई क्षेत्र जपानी शास्त्रज्ञांना २००० साली सुमारे २४०० मीटरवर सापडले. पुढच्याच वर्षी तिथे पायावर लोहसल्फाइडचे खवले असलेली गोगलगाय मिळाली. तिचे जिवाणू अन्ननलिकेला जोडलेल्या एका फुगलेल्या ग्रंथीत राहतात. २०१९ मध्ये ती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘धोक्यात’ म्हणून नोंदली गेली, खोल समुद्रातल्या खाणकामाच्या संभाव्य धोक्यामुळे अशी नोंद झालेली पहिली जात.

‘फक्त झऱ्यांभोवतीच’ हा शब्दप्रयोगही चुकीचाच. झऱ्याची गर्दी काही मीटर ते काहीशे मीटरच्या टापूत संपते. उरलेला तळ, म्हणजे जवळजवळ सगळाच, वरच्या वाढपावर जगतो.

“वरच्या समुद्राशी संबंध नाही”

वर लिहिलेल्या सगळ्यातून हे विधान आधीच कोसळले आहे. पण एक गोष्ट सुटली: दळणवळण एकतर्फी नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या सोनारवर, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्रावर, काहीशे मीटर खोलीवर ‘तळ’ दिसे, जिथे प्रत्यक्षात पाणी हजारो मीटर असे. हा खोटा तळ संध्याकाळी वर चढे आणि पहाटे खाली जाई. तो मासे, कोळंब्या आणि सायफोनोफोर यांचा थर होता. दिवसा शिकाऱ्यांच्या नजरेपासून लपायला अंधारात, रात्री चरायला वर. वजनाच्या मापाने पृथ्वीवरची सर्वांत मोठी रोजची ये-जा हीच. वर खायचे, खाली जाऊन श्वास आणि विष्ठा सोडायची. म्हणजे मरीन स्नोची वाट न बघता कार्बन थेट चारशे मीटर खाली पोहोचवला. अरबी समुद्रात हे काम प्रामुख्याने कंदीलमासे करतात आणि दिवसा ते त्याच ऑक्सिजनहीन पट्ट्यात दडून बसतात. जगभरच्या मधल्या पाण्यातल्या माशांचा साठा १९८० च्या अंदाजात सुमारे १०० कोटी टन होता. २०१४ मध्ये ध्वनिलहरींनी केलेल्या अंदाजात तो १००० कोटी टनांच्या घरात गेला. दहापट फरकाचे एक कारण साधे आहे: हे मासे जाळे येताना ओळखून बाजूला होतात.

या माशांना खाणारे कोण? माकुळे, कुपा, तलवारमासा आणि खोल सूर मारणारे देवमासे. स्पर्म व्हेल ४०० ते १२०० मीटरवर माकुळे खातो आणि पृष्ठभागावर येऊन विष्ठा करतो. खालचे लोह वर येते आणि प्लवकांना मिळते.

खाली तर वरच्या बदलाची नोंद लगेच होते. ईशान्य अटलांटिकमधल्या पॉर्क्युपाइन सपाटीवर, ४८५० मीटरवर, अँपेरिमा रोझिया ही छोटी समुद्रकाकडी हेक्टरी जेमतेम दोनचार असे. १९९६ मध्ये ती हेक्टरी हजारोंनी दिसू लागली. वरून येणाऱ्या अन्नाची जात आणि मात्रा बदलल्याचा हा परिणाम मानला जातो. आणि कधी आवक एकाच घासात होते. ४० टनांच्या देवमाशाच्या देहात सुमारे दोन टन कार्बन असतो. तो जितक्या जागेवर पडतो तितक्या जागेला नेहमीच्या वर्षावातून एवढा कार्बन मिळायला दोनएक हजार वर्षे लागली असती. आधी हॅगफिश आणि स्लीपर शार्क दिवसाला ४०–६० किलो मांस ओरबाडतात. मग कृमी आणि खेकडेवर्गीय प्राणी आजूबाजूच्या तेलकट गाळावर तुटून पडतात. शेवटी हाडांतली चरबी जिवाणू सल्फाइडच्या वाटेने कुजवतात आणि त्या सल्फाइडवर पुढची कित्येक दशके शिंपले जगतात. हाडांतच मुळे रोवणारा, तोंड आणि पोट नसलेला ओसेडॅक्स कृमी २००४ मध्ये वर्णिला गेला. त्याच्या दिसणाऱ्या माद्याच. नर सूक्ष्म, मादीच्या नळीत राहणारे.

“गोळे उचलले तर कोणाचेच बिघडत नाही”

भारताचा इथे थेट संबंध आहे. मध्य हिंदी महासागरी खोऱ्यात ७५,००० चौरस किलोमीटरवर बहुधातू गोळ्यांच्या शोधाचा करार भारताकडे आहे, पाच हजार मीटरहून खोल. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट यांचे हे बटाट्याएवढे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात.

चिखलाच्या मैदानावर गोळा ही एकच टणक जागा. पेरू देशासमोरच्या समुद्री खोऱ्यात ४००० मीटरहून खोल एका ऑक्टोपसाची मादी मेलेल्या स्पंजाच्या दांड्यावर अंडी घालून त्यांना कवटाळून बसलेली दिसली. तो स्पंज गोळ्यावर उगवलेला होता. मऊ गाळावर तो रुजला नसता.

परिणाम तपासण्याचा प्रयोग त्याच खोऱ्यात १९८९ साली झाला. आठ मीटर रुंदीचा नांगर सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या वर्तुळात ७८ वेळा ओढला. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये, पुन्हा जाऊन पाहिले तर चर जणू कालचेच. गाळातल्या जिवाणूंची क्रिया चरांच्या आत काही ठिकाणी चौपटीने कमी होती. कारण कळायला सोपे आहे: अन्न वरच्या काही सेंटिमीटरांत असते. तो थर नांगराने उलटला किंवा वाहून गेला की खाली उरते ती जुनी, शिळी माती, आणि वर्षाकाठी नवा थर मिलिमीटरच्या काही हजारांश भागाने साचतो. गोव्याच्या संस्थेनेही १९९७ मध्ये आपल्याच खोऱ्यात सुमारे तीन किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळून असा अभ्यास सुरू केला होता. म्हणजे हा प्रश्न बाहेरून आलेला नाही.

दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही नको. कोकण किनाऱ्यावरचे बोंबील, मांदेली आणि पापलेट किनाऱ्यालगतच्या उथळ खंडमंचावरचे; पाच हजार मीटरवर नांगर चालला म्हणून पुढच्या हंगामात ताटातला बोंबील गायब होईल, असे सांगणारे मजकूरही तितकेच चूक. जोडणी मधल्या पाण्यातून आहे. गोळे जहाजावर चढवल्यावर सोबत आलेला गाळ आणि पाणी परत समुद्रात सोडावे लागते. ते संधिप्रकाशाच्या पट्ट्यात सोडले तर खनिज कण मरीन स्नोत मिसळतात. आकाराने सारखे, पोषणाने निकस; कण गाळून खाणाऱ्या लार्व्हेशियनला आणि प्राणिप्लवकांना ते वेगळे काढता येत नाहीत. मग कंदीलमासे, मग कुपा. म्हणून ‘काही बिघडत नाही’ असे कोणी म्हटले तर आधी दोन आकडे मागावेत: परतीचे पाणी किती मीटरवर सोडणार आणि दर लिटरमागे त्यात गाळ किती मिलिग्रॅम असणार.